पिंग जातंय, पण बिल निघत नाही

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना अडखळले ते काढलंय, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.)

आज आवाज जरा बसलाय, सांभाळून घ्या. कर्जतला चार दिवस पाऊस थांबलेला नाही आणि माझी छत्री ऑफिसात राहिली.

आजचा विषय ऐकून काही जण पुढे ढकलतील, पण दहा मिनिटं थांबा. एखाद्या कंपनीची ऑफिसं तीन-चार गावांत असतात. ती सगळी एकाच बिल्डिंगमध्ये असल्यासारखी एकमेकांशी बोलतात. ते कसं, आणि ते बिघडतं तेव्हा बाहेर रस्त्यावर नक्की काय होतं, हे सांगणार आहे. ज्या रात्रीबद्दल सांगणार आहे, त्या रात्री चूक थोडी दुसऱ्यांची होती आणि थोडी माझी. माझी आधी लक्षातच आली नव्हती.

मी मुळात सॉफ्टवेअरवाली. लोणेरेला बीटेक केलं, कोड लिहायला नोकरीला लागले. पण छोट्या टीममध्ये काय होतं माहितीये ना? नेटवर्कवाला सोडून गेला आणि साहेब म्हणाले, "तूच बघ, तुला लिनक्स येतं." झालं. आमच्या एका ग्राहकाचं काम माझ्या गळ्यात पडलं. ऑफिस कर्जतला, कारखाना खोपोलीला, मालाचं गोदाम खालापूर तालुक्यात सावरोली-खारपाडा रस्त्यावर, आणि सगळा हिशेब ज्या सर्व्हरवर चालतो तो सर्व्हर पुण्याला. कंपनीचं नाव सांगत नाही, गरजही नाही.

ही चार ठिकाणं जोडलेली होती एमपीएलएसने, म्हणजे मल्टिप्रोटोकॉल लेबल स्विचिंग. नाव जड आहे, पण गोष्ट पोस्टाची आहे.

तुम्ही कर्जतहून पुण्याला पत्र टाकलं, तर वाटेतला प्रत्येक माणूस तुमचं पत्र काढून पत्ता वाचत बसत नाही. इकडे पत्र थैलीत जातं, थैलीचं तोंड बांधतात आणि तिच्यावर एक लेबल लावतात. वाटेत फक्त ते लेबल बघतात. थैली उघडते थेट पलीकडे. एमपीएलएसमध्ये हेच. आपल्या गावाजवळ कंपनीचा, म्हणजे ज्यांच्याकडून लाइन घेतली त्यांचा, एक राउटर असतो. त्याला म्हणतात पीई, प्रोव्हायडर एज. आपला डेटा तिथे पोचला की तो त्याच्यावर लेबल चिकटवतो. मधले राउटर आत काय आहे ते बघतच नाहीत. लेबल बघ, पुढे ढकल. पोस्टापेक्षा फरक एवढाच की इथे जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर जुनं लेबल काढून नवं लावतात.

आणि लेबलं एक नाही, दोन लागतात. बाहेरचं सांगतं की कोणत्या गावच्या पीईपर्यंत जायचं. आतलं सांगतं की तिथे पोचल्यावर हा माल कोणत्या ग्राहकाचा. एका लेबलाची लांबी ३२ बिट, म्हणजे ४ बाइट. त्यातले २० बिट लेबलाचा नंबर, बाकी इतर खुणा. दोन लेबलं म्हणजे ८ बाइट. हा ८ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, एकाच प्रोव्हायडरच्या तारांवरून शंभर कंपन्या जातात, आणि अर्ध्या कंपन्यांमध्ये तेच ते १९२.१६८ वाले पत्ते. मग गोंधळ होत नाही? होईल ना. आपल्याला तर हे लहानपणापासून माहिती आहे. आपलं कर्जत रायगडमधलं, आणि दुसरं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यात, तेही तालुक्याचंच गाव. नुसतं "कर्जत" लिहून पार्सल टाकलं की बसा वाट बघत. म्हणून पिन कोड, ४१०२०१. तसा इथे प्रत्येक ग्राहकाच्या पत्त्याआधी एक आकडा जोडतात, त्याला रूट डिस्टिंग्विशर म्हणतात. दोन सारखे पत्ते मग वेगळे दिसतात. आणि कोणाचे पत्ते कोणाच्या वहीत लिहायचे ते ठरवणारी खूण वेगळी, ती रूट टार्गेट. ग्राहकाची प्रत्येक वही म्हणजे एक व्हीआरएफ. आपली वही दुसऱ्याला दिसत नाही. ही सगळी पद्धत १९९९ मध्ये आरएफसी २५४७ म्हणून कागदावर आली आणि २००६ मध्ये आरएफसी ४३६४ म्हणून सुधारून. म्हणजे यातलं बरंचसं माझ्यापेक्षा थोडंच लहान आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. याला व्हीपीएन म्हणतात, पण यात कुलूप नाही. थैली वेगळी आहे, सीलबंद नाही. प्रोव्हायडरच्या आत बसलेल्याला बघायचंच असेल तर दिसेल. गुप्त काही असेल तर वरून एन्क्रिप्शन तुमचं तुम्ही करायचं. विकायला येणारे लोक हे वाक्य पटकन बोलत नाहीत.

बरं, राउटर कॉन्फिगर करायला बसले तेव्हा पहिला धक्का हा की आपल्या बाजूच्या राउटरवर एमपीएलएसची एकही कमांड नाही! मी दोन रात्री लेबलांवर व्हिडिओ बघून गेले होते. आपल्या राउटरला लेबल माहितीच नसतं. त्याला फक्त एक साधा आयपी पत्ता द्यायचा, समोरच्या पीईशी बीजीपीने बोलायला लावायचं आणि सांगायचं, "माझ्याकडे हे हे पत्ते आहेत." लेबलांचा सगळा खेळ पलीकडे.

दुसरा धक्का मी स्वतःच दिला. चारही ठिकाणांना मी एकच खासगी एएस नंबर दिला, ६५०१०. बीजीपीचा नियम असा की आलेल्या मार्गात स्वतःचाच नंबर दिसला तर तो मार्ग फेकून द्यायचा, नाहीतर माल गोल गोल फिरत राहील. पुण्याचा मार्ग खोपोलीला यायचा, खोपोलीचा राउटर त्यात ६५०१० बघायचा, "अरे हा तर मीच" म्हणायचा आणि टाकून द्यायचा. दुपारी दोनपासून संध्याकाळी सहापर्यंत मी केबल तपासत होते. शेवटी प्रोव्हायडरच्या माणसाने त्याच्या बाजूला एएस-ओव्हरराइड लावलं आणि दोन मिनिटांत सगळं उभं राहिलं. खोपोलीहून कर्जत लोकल पकडली तेव्हा अंधार झाला होता. लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी, प्रत्येक स्टेशनला मला वाटत होतं की आता मला सगळं येतं.

येत नव्हतं. आता त्या रात्रीकडे येते.

गेल्या पावसाळ्यात, जुलैमधली गोष्ट. रात्री नऊच्या सुमाराला गोदामातल्या डिस्पॅचच्या काकांचा फोन. काका म्हणजे वीस वर्षं गेटवर काढलेला माणूस, उगाच फोन करणार नाही.

"मॅडम, बिल निघत नाही."

"नेट बंद आहे का काका?"

"नाही ना. लॉगिन होतंय, नाव दिसतंय. बिल काढायला दाबलं की चक्री फिरत बसते."

बिल म्हणजे मालाचं इन्व्हॉइस आणि ई-वे बिल, दोन्ही पुण्याच्या सर्व्हरवरून निघतात. त्यांशिवाय गाडी गेटबाहेर काढता येत नाही. बाहेर अकरा ट्रक उभे. ड्रायव्हर केबिनमध्ये बसलेले, कोणाला गुजरातेत सकाळी पोचायचं होतं. हमालांचं त्याहून वाईट. त्यांना पैसे भरलेल्या गाडीमागे मिळतात, आणि पुढची गाडी आत यायला आधीची बाहेर जायला हवी. पाऊस, चिखल, आणि सगळे एका चक्रीकडे बघत उभे. मी कोड लिहिते तेव्हा "युजर" हा शब्द किती सहज वापरते, ते तेव्हा जाणवलं.

घरून लॅपटॉप उघडला. राउटरला पिंग केला, जातंय. बीजीपी बघितलं, उभं आहे. प्रोव्हायडरला फोन लावला. तिकडून उत्तर, "सर, लिंक अप आहे, पिंग ओके आहे, तुमचा सर्व्हर चेक करा, तिकीट क्लोज करतो." सर तर सर. सर्व्हरवाल्याला उठवलं. तो म्हणाला, कर्जत आणि खोपोलीहून बिलं निघताहेत, सर्व्हरला काही झालेलं नाही. प्रत्येक जण खरं बोलत होता.

एक खूण तेव्हाच समोर होती आणि मी ती बघितली नाही. रोज खालापूर ते पुणे पिंगला ६ मिलिसेकंद लागायचे. त्या रात्री १४ लागत होते. मी म्हटलं, पाऊस आहे. आता सांगा, पावसाचा आणि फायबरमधल्या मिलिसेकंदांचा काय संबंध?

मग आठवलं, बॅकअप आहे की! गोदामात एक फोरजीचा डोंगल राउटरला लावलेला होता, मुख्य लाइन मेली की आपोआप त्याच्यावर जायचं. मग गेलं का नाही? कारण मुख्य लाइन मेली आहे की नाही हे बघायला मीच एक तपासणी लिहून ठेवली होती. दर दहा सेकंदांनी पुण्याला एक पिंग. छोटासा, डिफॉल्ट आकाराचा. तो जात होता, म्हणून राउटरच्या मते सगळं छान चाललं होतं.

काकांना म्हटलं, निळी केबल काढा. काढली, फोरजी लागलं, एक बिल निघालं! एका ट्रकचं. दुसरं निघता निघता रेंज गेली. पाऊस एवढा की फोनवर काकांचा आवाजही तुटत होता. पण त्या एका बिलाने एक गोष्ट कळली. पुणे ठीक, गोदाम ठीक, भानगड मधल्या वाटेवर आहे.

केबल परत लावायला सांगितली. गोदामातल्या वजनकाट्याजवळ एक लिनक्सचं खोकं आहे, त्याला पुण्याच्या मशीनवरून एसएसएच लावून बघितला. कनेक्ट झालं म्हणतंय आणि पासवर्ड विचारतच नाही. नुसता कर्सर लुकलुकतोय. तिथे मी सरळ बसले. कारण एसएसएचमध्ये सुरुवातीच्या ओळखी छोट्या असतात आणि त्यानंतर दोन्ही बाजू एकमेकांना मोठी यादी पाठवतात. छोटं जातंय, मोठं अडकतंय. बिलाचंही तेच. लॉगिनचं पान हलकं, बिलाची पीडीएफ जड.

काकांना म्हटलं, काळी खिडकी उघडा, मी सांगते ते टाइप करा.

"पिंग, स्पेस, मायनस एफ, स्पेस, मायनस एल..."

"एन?"

"एल, एल. लोणावळ्याचा एल. स्पेस, १४७२. मग पुण्याचा पत्ता."

१४७२ का, तर साधारणपणे एका पॅकेटची कमाल लांबी १५०० बाइट. पिंग स्वतःच्या डोक्यावर २८ बाइटची पगडी घालतो, उरले १४७२. आणि मायनस एफ म्हणजे वाटेत याचे तुकडे करू नका, आहे तसा न्या.

"रिक्वेस्ट टाइम्ड आउट म्हणतंय."

"१४०० टाका."

"गेला!"

मग आम्ही दोघं भाजीबाजारात घासाघीस करावी तसं बसलो. १४३६, गेला. १४५४, गेला. १४६३, गेला. १४६७, नाही. १४६५, नाही. १४६४?

"गेला मॅडम!"

१४६४ आणि २८, झाले १४९२. दीड हजारात आठ कमी. बरोब्बर आठ.

खरं सांगते, अंगावर काटा आला. ती दोन लेबलं आपल्याला कधीच दिसत नाहीत, आपल्या राउटरला त्यांचा पत्ताही नसतो. आणि इथे, गोदामातल्या एका जुन्या पीसीवर, त्यांचं वजन दिसत होतं.

काय झालं होतं ते समजून घ्या. रस्त्यावर रेल्वे पुलाच्या आधी उंची मोजायला लोखंडी कमान असते ना? तुमचा ट्रक गोदामाच्या गेटमधून नियमात बसून निघाला. पुढे कोणीतरी त्याच्या टपावर दोन पेट्या चढवल्या, त्या रस्त्यावर ते ठरलेलंच आहे, म्हणून त्या रस्त्यावरच्या सगळ्या कमानी जरा उंच ठेवलेल्या असतात. पण एका ठिकाणी जुनी, बुटकी कमान राहून गेली. रिकामा टेम्पो पेट्यांसकट खालून आरामात जातो. भरलेला ट्रक अडकतो. माझा छोटा पिंग म्हणजे तो रिकामा टेम्पो. मी दर दहा सेकंदांनी रिकामा टेम्पो पाठवून ठरवत होते की रस्ता मोकळा आहे.

आणि बीजीपी उभं का होतं? ते तर आपल्या राउटरचं आणि शेजारच्या पीईचं बोलणं. ते उंबरठ्यापर्यंतच. पुढच्या वाटेत काय चाललंय याची त्याला खबर नसते. शिवाय बीजीपीचा "मी जिवंत आहे" हा निरोप फक्त १९ बाइटचा असतो. मला आधी वाटायचं, बीजीपी अप म्हणजे सगळं अप. तसं नाहीये.

पुन्हा प्रोव्हायडरला फोन. या वेळी "बिल निघत नाही" म्हटलं नाही. म्हटलं, "तुमच्या आतल्या कुठल्यातरी टप्प्यावर दोन लेबलांसकटची फ्रेम बसत नाहीये. १४९२ पर्यंत जातं, १४९३ जात नाही." पलीकडे जरा शांतता, मग फोन वरच्या माणसाकडे गेला. तो भला माणूस होता. पंधरा मिनिटांत त्याचाच परत फोन आला, घाटात फायबर तुटलीये, ट्रॅफिक लांबून फिरवलंय.

बोरघाट! आपल्याकडे सगळं तिथूनच जातं हो. रेल्वे १८६३ पासून त्याच घाटातून वर चढते, ३७ ला १ चा चढ, कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात ती त्याच्यासाठी. त्याआधी सात वर्षं लोहमार्ग खोपोलीलाच संपायचा आणि लोक पुढे डोंगर चढून जायचे. जुना हायवे तिथूनच, एक्सप्रेसवे तिथूनच. दरड आली की कर्जतकरांना गाड्यांची अनाउन्समेंट ऐकूनच कळतं. त्या रात्री लेबलांचाही नेहमीचा रस्ता गेला होता, आणि नेटवर्कने स्वतःहून दुसरा शोधला होता. ते त्याचं कामच, आणि त्याने ते चोख केलं. फक्त त्या लांबच्या वाटेवर मधे एक जुना स्विच होता, ज्याची मर्यादा वाढवायची राहून गेली होती. आणि स्विच असल्यामुळे तो तक्रारही करत नव्हता. राउटर असता तर निदान "मोठं आहे, लहान करून पाठव" असा निरोप परत येण्याची शक्यता होती आणि कॉम्प्युटरने आपोआप आकार कमी केला असता. स्विचने गुपचूप टाकून दिलं. ६ चे १४ मिलिसेकंद का झाले होते, ते आता कळलं. लांबचा फेरा.

तो स्विच दुरुस्त व्हायला सकाळ होणार होती. ट्रक आत्ता उभे होते. मग मी आमच्या पुण्याच्या राउटरवर, सर्व्हरच्या बाजूच्या इंटरफेसवर, एक ओळ टाकली: टीसीपी ॲडजस्ट एमएसएस १४५२. म्हणजे दोन कॉम्प्युटर बोलणं सुरू करताना "एका वेळी किती मोठा घास घ्यायचा" हे ठरवतात, तेव्हा राउटरने मधे पडून तो आकडा कमी करून द्यायचा. १४९२ मधून दोन्ही हेडरचे ४० वजा, १४५२. एकाच टोकाला लावलं तरी चालतं, कारण येणारी आणि जाणारी, दोन्ही बाजूंची बोलणी तिथूनच जातात.

"काका, पान बंद करून परत उघडा."

थोडा वेळ काहीच नाही. मग मागे डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा तो करकर आवाज आला. मला आजवर कुठल्याही ॲपच्या लाँचला इतका आनंद झालेला नाही.

शेवटचा ट्रक बारा वीसला गेटबाहेर गेला. हमालांपैकी चार जण मात्र साडेनऊलाच घरी निघून गेले होते, शेवटची बस चुकू नये म्हणून. त्यांच्या त्या रात्रीच्या गाड्या गेल्या त्या गेल्या. ते कोणत्याही तिकिटात लिहिलेलं नाही. तिकिटात "लिंक डाउनटाइम: शून्य मिनिटं" असं आहे, आणि हिशेबाने ते बरोबरही आहे.

दुसऱ्या दिवशी मी पहिलं काम केलं ते माझ्या तपासणीचं. आता चारही ठिकाणांहून जो पिंग जातो तो पूर्ण १५०० चा जातो, भरलेला ट्रक. तो सलग तीन वेळा अडकला की फोरजी. डोंगलला बाहेर पत्र्यावर अँटेनाही लावून घेतला. आणि प्रोव्हायडरकडून लिहून घेतलं की नेहमीच्या आणि फिरवलेल्या, दोन्ही मार्गांवर पूर्ण आकार जाईल. ते लिहून द्यायला त्यांनी तीन आठवडे लावले. तुम्ही कोणी नवी लाइन घेत असाल तर सही करायच्या आधी घ्या, नंतर फोन उचलायलाच वेळ लागतो. आणि जमलं तर त्यांना मुख्य मार्ग मुद्दाम बंद करून दाखवायला सांगा, त्या अवस्थेत तुमचा १४७२ टाकून बघा. नाक मुरडतील. मुरडू द्या.

काकांनी त्या रात्रीची कमांड पुठ्ठ्यावर मार्करने लिहून मॉनिटरच्या वर चिकटवली आहे. एलच्या खाली "लोणावळा" असंही लिहिलंय. रोज सकाळी उदबत्ती लावून झाली की ते ती एकदा चालवतात. मी हसले होते. मग ऑगस्टमध्ये एका सकाळी सातला फोन आला, गेटवर अजून एकही गाडी लागलेली नव्हती.

"मॅडम, फोरजीवर गेलंय. निळी केबल थेट पीसीला लावून बघितली, छोटं जातंय, १४७२ जात नाहीये. तुम्ही त्यांना फोन लावता, की मी लावू?"